करोडगिरीच्या नाक्यावरून आलेला सूर

एखादा गवई दरबारी मानाने गात असावा, त्याचे शिष्य गावोगाव नाव काढीत असावेत, पुण्या-मुंबईच्या मैफलीत त्याच्या षड्जाची चर्चा महिनोन्‌महिने चालावी, आणि तरीही एका विस्तीर्ण मुलखाच्या लेखी तो सुमारे तीस वर्षे बेपत्ता असावा, हे विधान आज चमत्कारिक वाटेल; परंतु किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीमखाँ आणि आमचा मराठवाडा यांच्यापुरते ते शब्दशः खरे आहे. १९०५ च्या सुमारास खाँसाहेबांनी ग्रामोफोन कंपनीसाठी काही तबकड्या गायिल्या. त्यानंतर त्या यंत्राशी त्यांचा संबंध जो सुटला, तो वयाची साठी उलटून गेल्यावर, १९३४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ओडिअन कंपनीने त्यांचे गाणे मुद्रित केले तेव्हाच पुन्हा जडला. मधल्या काळात ते गात नव्हते असे नाही. ते भरपूर गात होते. परंतु मैफलीत ज्यांना प्रवेश होता त्यांच्यासाठी गात होते. नांदेड-लातूरकडचा साधा श्रोता त्या मैफलीच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचत नव्हता, आणि म्हणून तबकडीवरचे खाँसाहेबांचे पुनरागमन हे आमच्याकडे पुनरागमन नव्हतेच, ते पहिलेच आगमन होते.

या मुलखात संगीताचे दारिद्र्य होते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नांदेडला गोदावरीच्या काठी गुरुद्वारात रागी मंडळींचे शबद-कीर्तन रागदारीच्या अंगाने नित्य चालत आले आहे; औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन वारकरी भजनाहून निराळ्या चालीचे आणि निराळ्या शिस्तीचे; माहूरच्या गडावर रेणुकेच्या दारी गोंधळ्यांचे संबळ, आणि लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीपासून फडावरच्या लावणीपर्यंत सर्व काही. गाणे होते, ते देवाच्या दारी आणि जत्रेच्या फडात होते. नव्हता तो ख्याल. ज्या गायकीला राजाश्रय, शांत दिवाणखाना आणि रात्र जागविण्याची सवड असलेले रसिक लागतात, ती हैदराबादच्या अमीर-उमरावांच्या ड्योढ्यांत अडकून पडलेली, आणि दुसरीकडून यायची तर सरहद्दीपलीकडून, इंग्रजी अमलातून यायची.

आणि ही सरहद्द केवळ नकाशावरची रेघ नव्हती. निजामाच्या राज्यात शिरणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे आयातीचा महसूल, द्यावा लागे. १८०२ च्या तहाने त्याचा दर किमतीवर शेकडा ५ असा ठरविला होता, आणि नाक्यावरच्या अंमलदाराने गाठोडे सोडून झडती घेतल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. नाण्याचीही तीच तऱ्हा. इंग्रजी रुपयाला आमच्याकडे कलदार म्हणत, निजामाचा रुपया तो हाली, आणि ६ कलदारांना ७ हाली असा साधारण हिशेब असल्यामुळे मुंबईचा भाव मराठवाड्यात येईपर्यंत केवळ नाण्याच्या फरकाने फुगत असे. त्यात गश्ती निशान ५३ सारखी फर्माने निघालेली. राजकारणाशी संबंध नसलेल्या सार्वजनिक जमावालाही सरकारची पूर्वपरवानगी लागावी, अशी ती व्यवस्था. दहा माणसांनी एकत्र बसून काही ऐकावे म्हटले तरी अव्वल तालुकदाराच्या कचेरीकडे पाहावे लागे, अशा राज्यात गाण्याचे जाहीर जलसे फोफावले नाहीत यात नवल ते कोणते? तबकडीला मात्र अशी परवानगी लागत नव्हती. करोडगिरी भरली की ती मोकळी. घरात शिरली की मग तिच्यावर कोणाचा अंमल चालत नसे.

तबकडीचा हा धंदा हिंदुस्थानात सुरू झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. फ्रेडरिक गायस्बर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ आपली यंत्रे घेऊन उतरला आणि गौहरजान वगैरे गायिकांचे गाणे त्याने मेणाच्या चकत्यांवर कोरून नेले. त्या चकत्या आगबोटीने जर्मनीतील हॅनोव्हरला जात, तेथे त्यांच्या तबकड्या दाबून तयार होत आणि मग पुन्हा समुद्र ओलांडून इकडे विक्रीला येत. आपल्याकडची नावे तिकडच्या कामगारांना कशी कळावीत? म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने उच्चारावे, असा प्रघात पडला. त्या काळच्या तबकड्यांच्या अखेरीस असे नाव ऐकू येते ते याच कारणाने, त्यात मिरविण्याचा भाग थोडा. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि समुद्रपर्यटन संपले. ज्या लाखेची तबकडी बने ती लाख आमच्याच देशातील छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरून उतरलेली. आमची लाख आणि आमचेच गाणे हॅनोव्हरहून भाडे देऊन परत आणण्याचा हा आतबट्ट्याचा व्यवहार सहा वर्षे चालला, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी वासाहतिक व्यापाराचा मासला म्हणून ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या या आरंभीच्या काळातल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायकाने तोंड न्यावे, तारसप्तकात जाताना मान मागे घ्यावी, खर्जात उतरताना पुन्हा पुढे यावे, आणि हे सर्व तीन मिनिटांच्या आत आटपावे. ज्याचा आवाज फेकीचा, ज्याची तान दाणेदार, त्याला हे यंत्र मानवले. परंतु ज्याची सारी किमया स्वराच्या हलक्या स्पर्शात, मींडेच्या लांबलचक ओढीत, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या अवकाशात काही सुचवून जाण्यात, त्याचे गाणे कर्ण्याच्या नळीत शिरेपर्यंत अर्धे गळून जाई. खाँसाहेब हे या दुसऱ्या जातीचे गायक. माझ्या मते त्यांच्या दीर्घ अनुपस्थितीचा विचार करताना त्यांच्या स्वभावाच्या लहरींपेक्षा या यंत्राच्या बहिरेपणाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

त्या तीस वर्षांत त्यांच्या आयुष्यात पुष्कळ घडले. १८७२ मध्ये कैराना येथे जन्मलेला हा गायक बडोद्याच्या दरबारी आला, तेथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचा जीव जडला, दोघांनी बडोदे सोडले आणि पुढे मिरज हे त्यांचे कायमचे ठिकाण झाले. १९१३ मध्ये पुण्यास आर्य संगीत विद्यालय निघाले. शिष्यांत रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्यासारखा गायक तयार झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुतींची मोजदाद करू लागले, तेव्हा त्यांच्या गणिताला प्रत्यक्ष गळ्याचा पुरावा पुरविणारे खाँसाहेबच होते. म्हैसूरच्या दरबाराशी घसट वाढल्यावर कर्नाटक पद्धतीच्या सरगमीने त्यांना मोहून टाकले. बीन, सारंगी, तंबोऱ्याची जवारी, वाद्यांची दुरुस्ती, सर्वत्र हात चालणारा हा माणूस. टिपूमियाँ नावाच्या आपल्या कुत्र्यालाही त्यांनी स्वरात आवाज काढायला शिकविले आणि लोकांसमोर त्याची करामत दाखविली. ग्रामोफोनच्या लेबलावरचा जगप्रसिद्ध कुत्रा बिचारा नुसता ऐकत बसलेला असतो. खाँसाहेबांचा कुत्रा गात होता! विद्वानांना हा प्रकार थिल्लर वाटला असेल, मला तो त्यांच्या कुतूहलाशी सर्वस्वी सुसंगत वाटतो.

१९२० च्या दशकाच्या आरंभी ताराबाई मुलांना घेऊन विभक्त झाल्या. त्यानंतर बापाचा आवाज तबकडीवर नाही आणि मुलीचा आहे, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या त्याच दशकात घरोघर वाजू लागल्या, आणि किराण्याचा सूर ज्यांनी प्रथम त्या तबकड्यांतून ऐकला त्यांना त्या सुराचा उगम मिरजेस अजून गातो आहे याची वार्ताही नसेल. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, आपल्या आवाजाची एकही तबकडी मागे न ठेवता गेले. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांचाही गळा आज आपल्याला ऐकता येत नाही. खाँसाहेबांची गणना याच यादीत व्हायची होती, ती टळली.

टळली याचे श्रेय १९२५ नंतर आलेल्या विजेच्या मुद्रणाला. मायक्रोफोनपुढे ओरडावे लागत नव्हते, मान मागेपुढे करावी लागत नव्हती. कुजबुजीइतका हळू लावलेला स्वरही आता लाखेत उमटू लागला. ओडिअन ही मूळची जर्मन कंपनी, तिच्या लेबलावर घुमटाच्या नाट्यगृहाचे चित्र असे. तिच्यासाठी साठी ओलांडलेल्या खाँसाहेबांनी जे गायिले त्याची व्याप्ती पाहिली म्हणजे हा गायक किती अंगांनी संपन्न होता याची कल्पना येते. वसंत, मारवा, मालकंस, शुद्ध कल्याण यांचे ख्याल आहेत, झिंझोटीतली ती ठुमरी आहे, जिच्या नुसत्या उल्लेखाने आजही जुन्या श्रोत्यांचे डोळे मिटतात, भैरवी आहे, ‘मानापमान’ नाटकातील पद मराठीत गायिलेले आहे, आणि खरहरप्रियेतील त्यागराजांची तेलुगू कृतीही आहे. उत्तरेकडचा एक मुसलमान गवई मिरजेस राहून मराठी नाट्यपद आणि तेलुगू कृती एकाच कंपनीच्या तबकड्यांवर गातो, आणि निजामाच्या उर्दू अमलाखालचा मराठी मुलूख त्या तबकड्या विकत घेतो, यात ऐक्याचे व्याख्यान कोठेही नाही, म्हणूनच ते मला अधिक विश्वसनीय वाटते.

तीन मिनिटांचा प्रश्न मात्र विजेने सुटला नव्हता. तरुण गायक त्या मर्यादेत घाईघाईने सर्व ताना कोंबून बसवीत. खाँसाहेबांनी उलटे केले. त्यांची झिंझोटी ऐकताना घड्याळ कोठेच टोचत नाही. आरंभीच एक स्वर असा लागतो की बैठकीत अर्धा तास आलापी होऊन गेली असावी असा भास होतो. मग मुखडा, शब्दांची दोन-तीन निराळी वळणे, मध्येच सरगमीचा एखादा झरा, आणि तबकडी संपते तेव्हा गाणे तोडले असे न वाटता गाणे थांबले असे वाटते. विस्तार न करता विस्ताराची जाणीव देणे ही कला वयाने येते. हेच मुद्रण पंचविशीत झाले असते तर आपल्या हाती एक तेजस्वी, धावणारा गवई लागला असता, हा गायक लागला नसता.

आता हा सूर आमच्या मुलखात आला कसा? नांदेडची वाट मनमाडहून. १९०० च्या सुमारास झालेला हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज लोहमार्ग औरंगाबाद, जालना, परभणी करीत नांदेडला येई, आणि मुंबईचा माल याच मार्गाने येई. लातूरची गोष्ट अधिक गमतीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने काढलेली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची ती चिमुकली गाडी, १९११ मध्ये लातूरला पोहोचली; तीच दुसऱ्या बाजूने पंढरपुरावरून वाढत १९२७ मध्ये थेट मिरजेला जाऊन भिडली. म्हणजे ज्या गावी खाँसाहेबांचे बिऱ्हाड होते ते गाव आणि निजामाच्या हद्दीतील लातूरचा गंज, ही दोन्ही एकाच अरुंद रुळांनी बांधली गेली. लातूरहून कापूस, गळिताची धान्ये जात. येताना बार्शीपलीकडे पांगरी मागे टाकली की निजामाची हद्द, करोडगिरीचा नाका, आणि मग येडशी, ढोकी, मुरूड करीत गाडी लातूरला. सोळा रस्ते फुटलेल्या गंजगोलाईत अडत्याच्या दुकानी ज्या खोक्यांतून साबण, कंदील, छत्र्या उतरत, त्यांतच गवताच्या वेष्टनात बांधलेल्या तबकड्याही उतरत. फुटलेल्यांचा हिशेब दुकानदाराच्या माथी.

वाड्यातले ऐकणेही एक कर्मकांड असे. फोनो कोनाड्यातून काढून सतरंजीवर मांडायचा, फडक्याने तबकडी पुसायची, पत्र्याच्या डबीतून नवी पिन काढून साउंडबॉक्सला घट्ट बसवायची. एका बाजूला एक पिन हा कंपनीचा नियम, आणि एका पिनेत चार बाजू हा घरधन्याचा. त्या काटकसरीने किती तबकड्या खरवडल्या गेल्या याला गणती नाही. मग चावी. घरातल्या धाकट्या मुलाच्या वाट्याला चावी येई, आणि त्याचा हात आळसावला की तबकडीची गती मंदावून गाणे हळूहळू खाली घसरू लागे. श्रुतीच्या सूक्ष्म फरकांचा निर्णय देवलांना करून देणाऱ्या त्या महापुरुषाचा षड्ज नांदेडच्या वाड्यात एका पोराच्या मनगटावर अवलंबून असावा, हा दैवदुर्विलास खरा. पण ऐकणाऱ्यांनी तो सोसला, किंबहुना त्यांना तो जाणवलाही नसेल.

आणि ऐकणारे कोण होते, हे तर विसरताच कामा नये. मैफल पुरुषांची, घरंदाज बायकांनी तेथे बसण्याची सोय नव्हती, रीतही नव्हती. फोनोचा आवाज माजघराच्या दारापाशी थांबत नसे. निवडण-टिपण करीत बसलेल्या सासवा-सुनांच्या कानी मालकंस पडला तो या मार्गाने, आणि मराठवाड्यात पुढच्या पिढीत मुलींना गाणे शिकविण्याची जी थोडीबहुत तयारी दिसू लागली, तिचे मूळ शोधणाऱ्याने वाड्यांतल्या या यंत्राकडे दुर्लक्ष करू नये. १९३५ मध्ये हैदराबादेस रेडिओचे केंद्र सरकारी अमलाखाली सुरू झाले खरे, पण रेडिओचा संच आणि त्याची विजेची अडचण पाहता तालुक्याच्या गावी चावीचा फोनोच पुष्कळ वर्षे टिकला.

तबकडीने गाणे बिघडविले, असा आक्षेप जुने गवई घेत. त्यात निम्मे तथ्य आहे. तीन मिनिटांची सवय झालेल्या कानाला विलंबित ख्याल जड जाऊ लागला, आणि तबकडीवरची तान जशीच्या तशी उचलणारे पोपट गल्लोगल्ली निपजले. परंतु ज्या मुलखात गुरूच नाही त्या मुलखात एकलव्य होण्यावाचून गत्यंतर तरी काय होते? भीमसेन जोशी यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून आपल्याला गाण्याचे वेड लागले. जेथे दुकानातून येणारा आवाज एवढे घडवू शकतो, तेथे आक्षेपाचे उरलेले निम्मे आपोआप गळून पडते.

खाँसाहेबांचे हे पुनरागमन फार टिकले नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीस जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि २७ तारखेस तेथेच त्यांचे देहावसान झाले. शेवटच्या घटकेला त्यांनी दरबारी आळविला, अशी हकीकत शिष्यपरंपरेत सांगतात. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. उरुसाच्या वेळी तेथे गायक-वादक आजही हजेरी लावतात. मैफलीचे खाँसाहेब तेथे संपले. ओडिअनचे खाँसाहेब आमच्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षे नव्याने येतच राहिले. निजामाच्या राज्यावर पोलीस कारवाई झाली, हाली नाणे गेले, करोडगिरीचे नाके उठले, तबकडीच्या जागी दीर्घ मुद्रिका आली, मग कॅसेट आली, आणि प्रत्येक नव्या वेष्टनात त्याच दोन-तीन वर्षांतले ते गाणे पुन्हा विक्रीला येत गेले.

मूळ लाखेच्या तबकड्या मात्र अजून आमच्याच घरांत असण्याचा संभव आहे. नांदेडच्या जुन्या वस्तीतले वाडे आता पाडले जात आहेत, लातुरात १९९३ च्या भूकंपानंतर पुष्कळ माळे रिकामे झाले, आणि भंगारवाल्याला लाखेचे मोल नाही. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांना एवढीच विनंती: तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, स्पिरिटने पुसू नका, त्यात लाख विरघळते, जुन्या पोलादी पिनेने हौसेखातर वाजवू नका, आणि घुमटाचे चित्र असलेले लेबल दिसले तर ती तबकडी द्यायच्या आधी एखाद्या संगीत विद्यालयाला किंवा जाणत्या संग्राहकाला दाखवा, म्हणजे तिच्यावरचे गाणे नव्याने मुद्रित करून घेता येईल.